खनिजाच्या धक्क्यावर बाग करताना या चुका टाळा

ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, 2018 मध्ये 88 लिजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मांडवी-झुवारी नद्यांच्या काठावरचे बार्जांचे (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींचे) बरेच धक्के ओस पडले. तिथे बाग व्हावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच घाई नको.

पहिली चूक म्हणजे खनिजाच्या लाल भुकटीवर फूटभर माती पसरून लॉन लावणं. बार्ज दुरुस्त व्हायचे तिथे डिझेल, ग्रीस आणि रंगाचे पापुद्रे खाली मुरलेले असतात. अमेरिकेत सिएटलला 1956 मध्ये बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या जागी 1975 मध्ये उद्यान झालं. माती शुद्ध करण्याचे प्रयत्न करूनही 1984 मध्ये प्रदूषणामुळे ते काही काळ बंद ठेवावं लागलं. म्हणून नकाशा काढण्याआधी भरतीच्या पाण्याच्या पातळीपर्यंत खड्डे घ्या, थराथराची माती तपासा. बाग आधीच झाली असेल आणि जूनमध्ये पाणी तुंबत असेल, तर पहार मारून बघा. ट्रकांनी दाबलेला कडक थर लागला, तर तो फोडावा लागेल. निचऱ्याचं पाणीही थेट नदीत सोडू नका, आधी तळ्यात गाळ बसू द्या.

दुसरी चूक मला जास्त छळते: काठावर उभी काँक्रीटची भिंत. उधाणाचं पाणी तिच्यावर आपटून शेजारच्या खाजनाच्या (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल शेतीच्या) बांधावर जातं. बांध फुटला की खारं पाणी भातात. काठ उतरता ठेवा. भिंत असलीच तर पायथ्याशी दगडांचा उतार रचा. गाळ धरला की तिवरं आपसूक रुजतात. ‘नदी दिसत नाही’ म्हणून ती तोडायची नाहीत, सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) कायदाही ते करू देत नाही. पण मोकळा चिखलही राहू द्या. ओहोटीला तिथे तिसऱ्या काढायला माणसं येतात.

झाडं वाळत असतील तर विहिरीचा खारेपणा मोजा. उंडी, भेंड, करंज आणि माड तग धरतात, लॉन धरत नाही.

कुंपण घालण्याआधी होडी कुठे ओढतात ते गावातल्या मासेमाऱ्यांना विचारा. ती वाट दिवसरात्र उघडी हवी. पाण्यावर झोत टाकणारे दिवे नकोतच. खनिज ओतायची जुनी घसरण मात्र पाडू नका. गंज तपासून घ्या, जोड पक्के करा आणि ती आहे तिथेच उभी ठेवा.