झूने गोरिलाच्या घराचा प्लॅन परत बदलला? आधी हे बघा, मग चिडा

२०२० च्या नोव्हेंबरमधे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल झूने जाहीर केलं की शहरातल्या क्लिफ्टन भागातलं जुनं झू बंद करणार आणि सगळं शहराबाहेरच्या मोठ्या जागेवर नेणार, तेव्हा माझी लेक चार वर्षांची होती आणि तिचा प्रश्न एकच, मग जॉक कुठे जाणार? जॉक म्हणजे तिथला सिल्व्हरबॅक, पाठ पांढरी झालेला नर, काचेकडे पाठ करून बसायचा आणि पोरं काच बडवून दमली की मग हळूच वळून बघायचा. तेव्हा सांगितलं होतं नवीन झू २०२४ ला उघडेल. ३ सप्टेंबर २०२२ ला जुनं झू बंद झालं, १८३६ पासून चालू होतं ते, पण गोरिला तिथेच राहिले कारण त्यांचं नवीन घर बांधूनच झालं नव्हतं. त्या घराचं काम सुरू व्हायलाच २०२४ उजाडलं. लेक आता तारखांवर विश्वास ठेवत नाही, बरंच झालं.

तर या सगळ्या काळात मी झूचे प्लॅन वाचायला शिकले. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं की गोरिलांचं काय झालं, मग शंभर मेसेज, अर्धे चुकीचे. म्हणून एकदाच लिहून ठेवते. उदाहरण ब्रिस्टलचं घेतलंय पण बाकी कुठल्याही झूला हेच लावा.

पहिलं म्हणजे प्राणी नक्की कोणता ते बघा. ग्रेट एप म्हणजे गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान, बास. शेपूट असेल तर ते माकड, आणि गिबनला शेपूट नसली तरी तो धाकट्या कपींमधला. हे महत्त्वाचं कशासाठी, तर चिंपांझी एकमेकांशी सतत भांडतात आणि परत जमवून घेतात, ओरांगउटान बराचसा एकटा आणि उंचावर राहणारा, गोरिला एका नराभोवती बायका-पोरांचं कुटुंब करून जमिनीवर बसणारा. एकाचं घर दुसऱ्याला चालत नाही. प्लॅनमधे नुसतं "एप हाउस" लिहिलंय आणि प्राणी ठरलेलाच नाहीये असं दिसलं तर तो प्लॅन अजून कागदावरच आहे असं समजा.

मग तारखा. वहीत तीन वेगळ्या तारखा लिहायच्या: जाहीर कधी केलं, परवानगी कधी मिळाली, खणायला कधी घेतलं. आपण पहिल्या तारखेलाच धरून बसतो आणि तिला खरं तर काही किंमत नाही. खणायला घेतल्याशिवाय पोरांना काही सांगू नका, मी सांगितलं आणि पाच वर्षं उत्तरं देतेय.

प्लॅन बघायचा कुठे? झूच्या वेबसाइटवर नाही, तिथे फक्त ते सुंदर चित्र असतं, हिरवंगार जंगल, धबधबा, खांद्यावर पोरगं घेतलेला बाबा. त्या चित्रातली झाडं वीस वर्षांनंतरची असतात. खरा कागद कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, प्लॅनिंग पोर्टलवर (बांधकामाच्या अर्जांची वेबसाइट) असतो, तो इंग्लंडमधे कोणालाही फुकट बघता येतो, प्रतिक्रियाही देता येते. इथे एक गंमत आहे, नवीन जागा ब्रिस्टलची म्हणत असले तरी ती साउथ ग्लॉस्टरशायर कौन्सिलच्या हद्दीत येते, म्हणजे ब्रिस्टल सिटी कौन्सिलच्या पोर्टलवर कितीही शोधलं तरी सापडत नाही, मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्यात त्यात. आणि नावही बदललंय, २०१३ ला ती जागा वाइल्ड प्लेस प्रोजेक्ट म्हणून उघडली आणि २०२३ ला ब्रिस्टल झू प्रोजेक्ट झाली, त्यामुळे जुन्या नावानेही शोधा.

आता ड्रॉइंग उघडलं की काय बघायचं, हा भाग नीट वाचा कारण सगळा खेळ इथेच आहे.

लोक आधी बाहेरचं मैदान किती मोठं ते बघतात. क्लिफ्टनपेक्षा साडेचार पट मोठं घर असं झूने सांगितलं होतं आणि चांगलंच आहे ते, पण इंग्लंडातल्या थंडीपावसात गोरिला वर्षातला किती वेळ बाहेर बसणार हो? आणि रात्र तर रोजच आत. म्हणून आधी मागच्या खोल्या शोधा, जिथे पब्लिकला प्रवेश नसतो. ड्रॉइंगवर त्या अगदी कंटाळवाण्या चौकोनांसारख्या दिसतात. मी पेन्सिल घेऊन मोजते. एक, खोल्या किती. दोन, प्रत्येक खोलीला दारं किती. एकच दार असेल तर मला काळजी वाटते, कारण मोठा नर दारात येऊन बसला की आतल्या मादीला पळायला वाटच नाही. दोन दारं हवीत, म्हणजे गोल फिरून निसटता येतं, आपल्या जुन्या वाड्यात कसं माजघरातून परसात निघता यायचं, तसं. तीन, एखादी खोली बाकीच्यांपासून वेगळी पण जाळीतून बाकीचे दिसतील अशी आहे का. ही बाळंतिणीची किंवा आजाऱ्याची खोली. ब्रिस्टललाच २०१६ मधे केरा नावाची मादी गरोदरपणात इतकी आजारी पडली की सिझेरियन करावं लागलं, माणसांचे डॉक्टर बोलावून, आणि ते पिल्लू, आफिया, आधी कीपर लोकांनी, म्हणजे प्राणी सांभाळणाऱ्यांनी, हातावर वाढवलं. अशा पिल्लाला पहिल्या दिवसापासून आपल्या लोकांचा वास, आवाज मिळाला पाहिजे, नाहीतर नंतर कळपात घालणं फार अवघड जातं. ती सोय होते मागच्या खोल्यांमुळे, धबधब्यामुळे नाही.

चार, उंची. वरून काढलेल्या नकाशात उंची कळत नाही, त्यासाठी सेक्शनचं, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेलं, ड्रॉइंग वेगळं असतं ते उघडा. पाच, माणसं किती बाजूंनी बघणार. चारी बाजूंनी काच असेल तर फोटो मस्त येतात पण प्राण्याला तोंड लपवायला जागा राहत नाही. जॉक पाठ करून बसायचा म्हटलं ना, त्याला निदान पाठ करायला एक बाजू होती.

कीपर लोकांचा पॅसेजही बघा, तिथे एकामागे एक दोन दारं हवीत. लंडन झूमधे ऑक्टोबर २०१६ ला कुम्बुका नावाचा गोरिला उघड्या राहिलेल्या दारांमधून कीपरच्या भागात गेला आणि पाणी न घातलेलं ब्लॅककरंट सरबत पाच लिटर पिऊन टाकलं. हसायला येतं, मलाही आलं, पण तिथे कीपर होता आणि तो सुखरूप राहिला हे नशीब. पब्लिकपर्यंत पोचायला अजून दारं होती म्हणून ती बातमी सरबताची झाली.

खंदक की काच की जाळी, यावर वाद घालणारे खूप भेटतील. गोरिलाला पोहता येत नाही म्हणून पाण्याचा खंदक चालतो असं पूर्वी धरून चालायचे. मग २००७ मधे रॉटरडॅमच्या झूमधला बोकिटो नावाचा गोरिला पाण्याचा खंदक पार करून बाहेर आला आणि एका बाईला जबर जखमी केलं, ती नेहमी येऊन त्याच्याकडे टक लावून बघायची आणि हसायची, आणि गोरिलाच्या भाषेत टक लावून बघणं म्हणजे आव्हान. अमेरिकेत सिनसिनाटीच्या झूमधे २०१६ ला उलटं झालं, तीन वर्षांचं पोरगं कुंपणातून खाली खंदकात पडलं आणि हरांबे नावाच्या गोरिलाला गोळी घालावी लागली. त्यामुळे प्लॅन बदलून खंदकाच्या जागी काच आली असेल तर "पैसे वाचवले" असं लगेच म्हणू नका. छत कशाचं तेही वाचा. २०२० च्या नवीन वर्षाच्या रात्री जर्मनीत क्रेफेल्डच्या एप हाउसला हवेत सोडलेल्या कागदी दिव्यांमुळे आग लागली आणि तीसहून जास्त प्राणी गेले, त्यात ओरांगउटान होते, गोरिला होते. तेव्हापासून मी आगीच्या बंदोबस्ताचं पान आधी उघडते.

आता प्लॅन बदलतो कशामुळे? बहुतेक वेळा पैसा. ब्रिस्टलचं गणित असं की क्लिफ्टनची बारा एकर जागा विकायची आणि त्या पैशात नवीन झू उभं करायचं. म्हणजे तिथे १९६ घरं होणार, त्याला आधी परवानगी, मग शेजाऱ्यांचा विरोध, मग गिऱ्हाईक. गोरिलाची खोली कधी होणार हे कोणाच्या तरी फ्लॅटवर अवलंबून, सांगा आता. पुण्यात सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलेल्यांना हे पटकन कळेल, भाडं चालू आणि पझेशनची तारीख पुढे.

दुसरं कारण प्राणी स्वतः. पिल्लं होतात, नर मोठे होतात. युरोपातल्या झूंचा एक सामायिक कार्यक्रम आहे, कुठला गोरिला कुठे जाणार हे तिथे ठरतं, एकटं झू मनाने ठरवत नाही. जन्माला साधारण निम्मे नर येतात आणि कळपाला सिल्व्हरबॅक लागतो एक, मग उरलेल्या पोरांचं काय? म्हणून काही झूंना फक्त नरांचा गट दिला जातो. "कुटुंब येणार" म्हणून जाहीर केलं आणि नंतर "दोन भाऊ येणार" झालं तर ती फसवणूक नसते, खरंच कोणीतरी ती पोरं सांभाळायला हवीच असतात.

माझा नियम साधा आहे. कॅफे छोटा केला, दुकान रद्द केलं, धबधबा गेला, तारीख वर्षभर पुढे गेली, जाऊ दे. मागच्या खोल्या कमी केल्या, आतली जागा आखडली किंवा "दुसऱ्या टप्प्यात करू" म्हटलं, तर प्रतिक्रिया लिहा आणि त्यात ड्रॉइंगचा नंबर टाकून नेमकं कुठलं दार, कुठली खोली ते लिहा. "गोरिलांना न्याय द्या" लिहून कोणी वाचत नाही. "अमुक ड्रॉइंगमधे आजाऱ्याच्या खोलीला एकच दार दिसतंय, दुसरं का नाही" असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं कोणाला तरी.

व्हायरल व्हिडिओंचं पण सांगते. ऑगस्ट २०२५ मधे क्लिफ्टनच्या बंद झूचे व्हिडिओ फिरले, गवत वाढलंय, पिंजरे रिकामे आणि मधेच गोरिला, खाली लिहिलेलं की यांना टाकून गेले. आमच्या ग्रुपवर मावशी रडायच्या बाकी होत्या. कीपर रोज तिथे होते. असा व्हिडिओ आला की दोन गोष्टी बघा, प्राण्याच्या अंगावर मांस आणि चकाकी आहे का, आणि आसपास ताजा पाला पडलाय का. ताजा पाला कोणीतरी आणूनच टाकलेला असतो. पण एक खरं, बाकी सगळं झू सुनसान झाल्यावर एका कुटुंबाला तीन वर्षं तसं ठेवणं हे काही आदर्श नव्हतं, आणि तारीख आधीच प्रामाणिक सांगितली असती तर अफवाही कमी उठल्या असत्या.

भारतातल्या लोकांसाठी थोडं. आपल्याकडे झूला सेंट्रल झू अथॉरिटीची मान्यता लागते, १९९२ पासून, आणि मास्टर प्लॅनही त्यांच्याकडूनच मंजूर होतो. बाहेरून ग्रेट एप आणायचा तर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात सगळे ग्रेट एप पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कागदपत्रं भरपूर आणि निव्वळ धंद्यासाठी नाहीच. महापालिकेचं झू असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर लेआउट मागता येतो, उत्तराला तीस दिवस. मागताना "सर्व माहिती द्या" लिहू नका, "रात्रीच्या खोल्यांची संख्या व मापे दर्शवणारा नकाशा" असं लिहा. मैसूरला ऑगस्ट २०२१ मधे जर्मनीहून थाबो आणि डेम्बा हे दोन भाऊ आले, तो नरांचाच गट आहे, जाल तेव्हा मादी कुठाय म्हणून विचारत बसू नका. मंगळवारी बंद असतं ते झू.

आणि पुणेकरांनो, बिन्नी आठवते का कोणाला? ओरांगउटान होती, कात्रजला. २००३ मधे तिला भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननला पाठवलं आणि २०१९ मधे ती वारली तेव्हा देशातली एकटीच ओरांगउटान होती. दुसरा ओरांगउटान शेजारी नसेल तर जागा कितीही मोठी करा, उपयोग नाही. म्हणून प्लॅनमधे जोडीदार कुठून येणार हे लिहिलेलं नसेल तर तेवढा एकच प्रश्न विचारा, बाकीचे राहू देत.

गोरिला नवीन घरी गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत धावू नका, ते नवीन जागेत आतच बसतात बरेचदा आणि पोरं कंटाळतात. तोपर्यंत आल्फ्रेड नावाच्या जुन्या गोरिलाला बघून या, ब्रिस्टल म्युझियममधे, प्रवेश फुकट. हा १९३० मधे क्लिफ्टनला आला, १९४८ मधे गेला आणि मग पेंढा भरून म्युझियममधे ठेवला. १९५६ मधे तीन विद्यार्थ्यांनी त्याला रातोरात पळवला आणि तीन दिवसांनी तो सापडला कुठे, तर डॉक्टरच्या वेटिंग रूममधे बसलेला. चोर कोण हे कळायला २०१० उजाडलं. माझ्या लेकीने हे ऐकून म्युझियमच्या माणसाला विचारलं, आता याच्या खोलीला दारं किती आहेत?