डावी बाजू वर, हात खाली: किमोनो नेसताना आणि वाकताना या चुका टाळा

जपानमधल्या क्योतोत एक दिवस भाड्याचा किमोनो नेसून फोटो काढायची हौस आता आपल्याकडेही आली आहे. (शिवलेला असला तरी गुंडाळून बांधायचा असतो, म्हणून मी 'नेसणं'च म्हणते.) दुकानातल्या बाई काम चोख करतात. घोळ होतो तो हॉटेलात युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो, स्वतः गुंडाळताना, आणि तो घालून कुणापुढे वाकताना.

माझा पहिला युकाता मी उलटा गुंडाळला होता. न्याहारीला निघाले, तर एका आजींनी हाताला धरून बाजूला घेतलं आणि चटकन दोन्ही बाजूंची अदलाबदल करून दिली. कारण मागाहून कळलं. उजवी बाजू वर ही नेसण प्रेताची. जिवंत माणसाची डावी बाजू वर, बाई असो की बुवा. हा दंडक इ.स. ७१९ च्या राजाज्ञेपासूनचा आहे. खूण सोपी आहे: उजवा हात छातीवरच्या घडीत सहज शिरला पाहिजे. पुरुषांना शर्टाची सवय कामी येते. बायकांच्या शर्टांची बटणपट्टी उलटी, त्यामुळे चुकतो आपणच. शिवाय काही फोन सेल्फी आरशासारखी उलटी साठवतात. नीट नेसूनही फोटोत प्रेत दिसायचं नसेल तर ते सेटिंग आधी बदला.

आता वाकणं. आपले हात वाकताना आपोआप जुळतात. जपानात हात जोडतात ते देवापुढे किंवा जेवणाआधी. माणसाला भेटताना पुरुषांचे हात मांड्यांलगत, बायकांचे पुढे एकावर एक. ओझरत्या भेटीला १५ अंश, पाहुण्यापुढे किंवा ग्राहकापुढे ३०, माफी मागताना ४५. हे कोन तिथल्या नोकरदारांना प्रशिक्षणात शिकवतात, पण कोनमापक घेऊन कुणी उभं नसतं. खटकतं ते वेगळंच: चालता चालता वाकणं, नुसती मान खाली घालणं, वाकूनही डोळे वर करून समोरच्याकडे बघणं. थांबा, आधी शब्द बोला, मग खुब्यातून वाका. पाठ आणि मान एका रेषेत हवी. खाली जाण्यापेक्षा वर येणं सावकाश. एकाच वेळी वाकून हस्तांदोलनही करू गेलात, तर डोक्याला डोकं लागायची सोय होते.

मला तर वाटतं, नीट वाकायला किमोनोच शिकवतो. ओबीचा, म्हणजे कमरेचा, रुंद पट्टा घट्ट बसला की पाठीला बाक येतच नाही. तरीही खांदे पाडून वाकलात, तर मागची गळपट्टी मानेला चिकटते आणि पुढचा गळा सुटतो. बायकांच्या किमोनोत ही पट्टी मानेपासून मूठभर दूर हवी. ती वर चढली तर पाठीकडे ओबीखालचं कापड धरून हळूच खाली ओढा. पुढे गळा सुटला तर काखेखाली मुद्दाम ठेवलेली फट शोधा. डावीकडच्या फटीतून हात घालून आतली पट्टी ओढायची. वरची पट्टी उजवीकडे ओबीच्या खाली सापडते, ती खाली ओढायची. ओबी सोडू नका. एकदा सुटला की पुन्हा बांधायला त्या दुकानातल्या बाईच लागतात.

कापड विकत घेणाऱ्यांची चूक निराळी: महाग ते मानाचं, असं धरून चालणं. युकी-त्सुमुगीचं रेशीम हाताने सूत काढून विणतात. २०१० पासून ते युनेस्कोच्या वारसा यादीतही आहे. किंमत डोळे पांढरे करणारी, पण लग्नाला ते नेसत नाहीत. आधी सूत रंगवून मग विणलेला किमोनो साधा, आणि विणून झाल्यावर युझेन पद्धतीने रंगवलेला औपचारिक. ओबीचं मात्र बरोबर उलट, तिथे क्योतोच्या निशिजिन भागातलं विणकाम मानाचं. विणलेली पैठणी लग्नात मिरवणाऱ्या आपल्याला हा हिशेब पटकन पचत नाही.

नागोयातल्या आरिमात्सुचं शिबोरी ही आपल्या बांधणीची चुलत बहीण. तिच्यावर इस्त्री दाबून फिरवलीत तर चुण्यांचा उठाव गेलाच. तेनुगुई या सुती पंचाचे आखूड काठ मुद्दाम न शिवता सोडलेले असतात, कारण त्यामुळे तो लवकर वाळतो. मी आणलेल्या चारही पंचांना आईने प्रेमाने मशीनवर टीप मारून दिली! सुटलेले धागे फक्त कापायचे; काही धुण्यांनंतर ते सुटायचे थांबतात. निळीचा पंचा पहिले काही दिवस वेगळा धुवा.

कुणाच्या घरी तातामी चटईवर बसलात, तर झाबुतोन या बैठकीवरूनच वाकू नका. आधी खाली उतरा. चटईच्या कापडी काठावर पाय नको. भेटवस्तू फुरोशिकीत, म्हणजे चौकोनी रुमालात, बांधून नेली असेल तर गाठोडं तसंच पुढे सरकवू नका. गाठ सोडा, वस्तू यजमानाच्या बाजूला तोंड करून द्या आणि फुरोशिकी घडी घालून आपल्याजवळ परत ठेवा.