वायरशिवाय दोन व्होल्का एका तालात

कॉर्ग कंपनीच्या व्होल्का या छोट्या संगीतयंत्रांचा सिंक, म्हणजे ताल जुळवणारा सिग्नल, अगदी सोपा असतो: साधारण 15 मिलिसेकंदांचा, 5 व्होल्टचा पल्स, एका बीटला दोन. म्हणजे 120 बीपीएमला (मिनिटाला 120 बीट) दर 250 मिलिसेकंदांनी एक. हाच पल्स दोन आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड) आणि दोन एनआरएफ24एल01 रेडिओ मॉड्यूलनी हवेतून पाठवता येतो: एक जोडी पाठवणारी, दुसरी रिसीव्हर. पल्स आला की रिसीव्हरच्या नॅनोने एक आउटपुट पिन 15 मिलिसेकंद हाय (5 व्होल्टवर) ठेवायची. पिनपासून 1 किलोओहमचा रेझिस्टर, पुढे व्होल्काच्या सिंक-इनमध्ये जाणाऱ्या 3.5 मिमी मोनो जॅकचं टोक. ग्राउंड जोडायला विसरू नका.

मॉड्यूलला वीज 3.3 व्होल्टच द्या, 5 व्होल्टने ते जळतं. त्याच्या व्हीसीसी (वीज) आणि ग्राउंड पिनांवरच 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डकवा. माझे हरवणारे बीट एवढ्यानेच थांबले.

आणि ऑटो-अ‍ॅक (मॉड्यूलची आपोआप पोच मागण्याची सोय) बंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर हुकलेला पल्स पुन्हापुन्हा पाठवला जातो, उशिरा पोचतो आणि ताल लडखडतो. थोडा पण ठरावीक उशीर कानाला कळत नाही, बदलता लगेच खटकतो. म्हणून पहिल्या यंत्रालाही वायरऐवजी रिसीव्हरच लावा (त्यासाठी तिसरा नॅनो आणि मॉड्यूल लागेल), दोघांचा उशीर सारखा होतो. तपासायला दोन्हींवर फक्त हाय-हॅट वाजवा.