सर्वरसाठी बॅकअप सॉफ्टवेअर घेताय? आधी रिस्टोअर करून बघा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यातनं सोमवारी सकाळी फोन आला, सर्वरची डिस्क गेली म्हणून. मी पोचलो तर मालक निवांत. "अहो, बॅकअप रोज होतोय की, स्क्रीनवर रोज हिरवं येतंय." खरंच हिरवं येत होतं. पण सहा महिन्यांमागं कुणीतरी टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवरनं ई वर हलवलेला आणि बॅकअप अजून डी चाच चाललेला. अकाउंट बघणाऱ्या ताईंनी पुढचे तीन आठवडे बिलांच्या फायली काढून एकेक एंट्री परत मारली, तो टेबलावरचा गठ्ठा मी डोळ्यांनी बघितलाय, म्हणून कुणी "चांगलं बॅकअप सॉफ्टवेअर सांगा" म्हटलं की मी आधी एकच विचारतो, रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत आणणं, कधी करून बघितलंय का?

सॉफ्टवेअर बघायच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहा. सर्वर बंद पडला तर धंदा किती तास थांबू शकतो, आणि किती तासांचं काम परत टाईप करायची तयारी आहे. दिवसाला दहा बिलं होणाऱ्या दुकानाला रात्रीचा एक बॅकअप पुरतो, पण दिवसभर गेटवर गाड्या येऊन वजन-चलन होणाऱ्या ठिकाणी दर तासाला पाहिजे. ह्या दोन आकड्यांवरनंच अर्धी सॉफ्टवेअरं गळतात.

मग ट्रायल घ्या, बहुतेक कंपन्या महिनाभर देतात, आणि त्या महिन्यात बॅकअप कमी, रिस्टोअर जास्त करा. एखादा जुना पीसी घ्या, त्यात रिकामी डिस्क लावा आणि अख्खा सर्वर त्याच्यावर उभा करून बघा, घड्याळ लावून. हार्डवेअर वेगळं असलं तरी विंडोज उठतंय का, टॅली उघडून कालचं शेवटचं व्हाउचर दिसतंय का, एसक्यूएल सर्वर (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) असला तर डेटाबेस जोडला जातोय का. चालू डेटाबेसची नुसती फाईल कॉपी केली तर ती अर्धवट येऊ शकते, म्हणून विंडोजची शॅडो कॉपी (चालू फायलींची त्या क्षणाची प्रत धरणारी सोय) वापरून बॅकअप घेणारं सॉफ्टवेअरच घ्या.

आपल्याकडची अजून एक सोडून चालणार नाही असली गोष्ट म्हणजे भाषा. फोल्डरची नावं काही मराठीत, काही कन्नडमध्ये, काही इंग्रजीत, अशी सरमिसळ असती. ट्रायलमध्ये नेमक्या त्याच फायली रिस्टोअर करा आणि नाव आणि आतला मजकूर दोन्ही बघा. श्रीलिपी (मराठी) किंवा नुडी (कन्नड) टायपिंगच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली पत्रं, कोटेशनं असतील तर नुसत्या फायलींचा बॅकअप पुरत नाही, फाईल परत येती पण नवीन मशीनवर फॉन्ट नसला की वाचताच येत नाही. म्हणून अख्ख्या सर्वरची इमेज, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, फॉन्ट सगळ्यासकट हुबेहूब प्रत पाहिजे.

फुकटचं चालंल का? लहान ऑफिसला चालतं, पण मर्यादा माहीत पाहिजेत. विंडोज सर्वरमध्ये बॅकअपची सोय आतच येती, पण नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरला टाकलं तर ती शेवटची एकच प्रत ठेवती, जुनी पुसती. वीम ह्या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी एडिशन दहा मशीनपर्यंत फुकट आहे आणि चांगली आहे, फक्त अडचण आली तर पैसे भरलेल्या गिऱ्हाईकासारखा सपोर्ट मिळत नाही. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्हच्या सिंकला मात्र बॅकअप समजू नका, इथं फाईल पुसली की तिथंबी पुसती, जुनी व्हर्जन थोडेच दिवस राहतात.

रॅन्समवेअरचं, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचं, नीट ऐका. सर्वरला कायम लावून ठेवलेली यूएसबी डिस्क व्हायरसला दुसऱ्या ड्राइव्हसारखीच दिसती, तीबी लॉक होती. त्यामुळं बॅकअपची जागा वेगळ्या पासवर्डची पाहिजे, सर्वरच्या ॲडमिनलासुद्धा तिथलं पुसता येऊ नये, आणि ठरलेले दिवस ती प्रत कुणालाच बदलता येणार नाही अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते विचारा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा, एक प्रत बाहेर, हा जुना ३-२-१ नियम अजून खराय. बाहेर म्हणजे खरंच बाहेर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात निपाणी-चिकोडी बाजूला वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेचं पाणी कसं चढलं ते आठवा, तळमजल्यावरचा सर्वर आणि त्याच कपाटातली डिस्क दोन्ही एकाच पाण्यात जातात.

क्लाउडला पाठवणार असाल तर अपलोडचा हिशेब आधी करा, डाउनलोडचा स्पीड बघून भुलू नका. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे तासाला साधारण साडेचार जीबी, २०० जीबीचा पहिला बॅकअप जवळपास ४४ तास घेतो, तेबी लाईन पूर्ण मोकळी असली तर. मधेच लाईट गेली तर सॉफ्टवेअर तिथनंच पुढं चालू होतंय का परत पहिल्यापासनं? पावसाळ्यात खानापूर बाजूला हा प्रश्न रोजचा आहे. ट्रायलमध्ये मुद्दाम केबल काढून बघा.

आता बॅकअप झाला का फसला ते कळवणाऱ्या मेसेजचं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी वेबसाइट) वाल्यांच्या हातनं चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, मग कळलं की रोजचा बॅकअप कधीपासनं फेल होतोय, कारण बॅकअप घेणारं टूल जुन्या व्हर्जनचं होतं आणि फेल झाल्याचे मेल सर्वरकडनं परत फिरत होते. योगायोगानं सहा तास आधी घेतलेली एक कॉपी होती म्हणून वाचले. म्हणून नुसता फेल झाल्याचा मेल नको, रोज सकाळी "इतक्या फायली, इतके जीबी" असा मेल पाहिजे, आणि तो आला नाही तर त्याच दिवशी कुणीतरी फोन करायचा, कुणी ते नाव ठरवून ठेवा. जीबीचा आकडा एकदम कमी झाला तर लगेच बघायचं, त्या कारखान्यातबी तो आकडा सहा महिने दिसतच होता.

प्रत किती दिवस ठेवायची? रोजच्या ३० दिवस, महिन्याच्या बारा, आणि वर्षाची एक वेगळी, कारण जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासनं ७२ महिने ठेवावे लागतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२ च्या नियमाप्रमाणं हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्वरवर पाहिजे, म्हणून क्लाउडवाल्याला डेटा कुठं ठेवता ते लेखी विचारा.

एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असा बॅकअप, चालू करा, पण त्याचा पासवर्ड हरवला तर कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. तो कागदावर लिहून पाकिटात घाला, मालकांच्या बँक लॉकरमध्ये ठेवा, आणि पाकिटावर तारीख टाका.