जास्वंद लावताय? या चुका टाळा

गणपतीच्या तोंडावर मला दरवर्षी तोच फोन येतो. नर्सरीतून आणली तेव्हा जास्वंद कळ्यांनी लगडली होती, आता कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात. मी विचारते, पाणी किती घालता? उत्तरही ठरलेलं: सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

पिवळं पान दिसलं की हात आधी पाण्याकडे जातो. माझाही गेला होता. पुण्यात राहायला आलो तेव्हा मी बशीएवढ्या केशरी फुलांची संकरित जास्वंद आणली आणि पुन्हा पुन्हा कुंडी बदलायला नको म्हणून सहा इंची पिशवीतलं रोप थेट अठरा इंची कुंडीत लावलं. पहिलं पान पिवळं पडलं, मी पाणी वाढवलं. आणखी पडली, आणखी वाढवलं. तिसऱ्या आठवड्यात झाड मान टाकून उभं. उपटून पाहिलं तर नर्सरीतला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा जसाच्या तसा, चिंब आणि आंबूस वासाचा. मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की साल निसटून येत होती. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतही झाड तहानेलं दिसतं. ते झाड गेलंच.

तेव्हापासून बोट दोन पेरं मातीत खुपसून बघितल्याशिवाय मी पाणी घालत नाही. कुंडी पिशवीपेक्षा दोन-तीन इंचच मोठी घेते आणि लावताना गोळ्याच्या कडा बोटांनी मोकळ्या करते. नुसती काळी माती वापरू नका, ती पाणी धरून बसते. जागा बदलल्यावर थोड्या कळ्या गळणारच. पंधरा दिवस थांबायची तयारी नसेल तर बाजारातून फुलंच आणावीत.

ऊन किमान पाच-सहा तास हवं. खिडकीतल्या ग्रिलमध्ये ते मिळत नसेल तर कुठलंही खत कामाचं नाही.

फुलांसाठी मूठभर डीएपी हे रासायनिक खत टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अजिबात मान्य नाही. त्यात ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस) असतं आणि जास्त स्फुरद जास्वंदीला मानवत नाही. मी महिन्याला शेणखत घालते, सोबत थोडं पालाश (पोटॅश).

छाटायला घाबरू नका. फूल नव्या फुटव्यावर येतं. थंडी ओसरली की मी एक तृतीयांश झाड कापते.

संध्याकाळी फूल मिटलं तर औषध मारू नका. बहुतेक जास्वंदींचं फूल एकच दिवस टिकतं.

आता पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग ही झाडावरची कीड. शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखा दिसला की लोक सरळ जहाल औषध आणतात, तेही देवाला वाहायच्या फुलांच्या झाडावर! मी आधी मुंग्या बघते. ढेकणांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांना जपतात, म्हणून मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय ढेकूण हटत नाहीत. फार भरलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकते. बाकीचे जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासते. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारते. भर दुपारी फवारलंत तर पानं करपतील. हे दर आठवड्याला, निदान तीनदा करावं लागतं. एकदा फवारून सोडलं तर उरलेल्या अंड्यांतून पुन्हा पिल्लं निघतात. भेंडी जास्वंदीच्याच कुळातली, तेव्हा गच्चीवर ती असेल तर तिची पानंही त्याच दिवशी उलटून बघा.