मेंढीकोट शिकताना: चार दश्श्यांचा डाव

मेंढीकोट हा चौघांनी दोन जोड्या करून खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे आणि महाराष्ट्रात सुट्टीच्या दिवसांत कॅट बाहेर निघाला की तो हमखास मांडला जातो. रंगाला रंग द्यायचा आणि मोठ्या पानाने हात करायचा, म्हणजे चौघांनी एकेक टाकलेली चार पाने जिंकायची, एवढे कोणालाही चटकन समजते. त्यामुळे नवीन खेळाडू प्रत्येक हात आपल्याकडे ओढण्याच्या मागे लागतो. परंतु येथे डाव ठरतो तो चार दश्श्यांवर. दश्शीलाच या खेळात मेंढी म्हणतात. तीन किंवा चार मेंढ्या ज्या जोडीकडे जातात ती जोडी डाव जिंकते. दोन-दोन अशी वाटणी झाली तर मात्र हात मोजले जातात आणि तेरापैकी सात किंवा अधिक हात करणारी जोडी जिंकते. चारही मेंढ्या एकाच जोडीने घेतल्या की मेंढीकोट झाला, आणि सगळेच्या सगळे तेरा हात घेतले तर तो विजय त्याहूनही मोठा.

भिडू एकमेकांसमोर बसतात. जोकर बाजूला काढलेली 52 पाने पिसून प्रत्येकाला तेरा वाटायची. प्रथम पाच, मग चार आणि पुन्हा चार, अशी वाटणी सोयीची पडते. वाटण्याचे काम सामान्यतः हरलेल्या जोडीकडे राहते. एक्का सर्वांत मोठा, त्याखाली राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि असे उतरत दुर्रीपर्यंत. उतारी, म्हणजे हातातले पहिले पान, ज्या रंगाची असेल त्याच रंगाचे पान हाती असल्यास ते देणे बंधनकारक आहे. रंग असूनही दुसरे पान टाकल्याचे उघड झाले तर काय दंड द्यायचा, हे खेळ सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे, म्हणजे भांडण होत नाही.

हुकूम, म्हणजे बाकीच्या रंगांवर मात करणारा रंग, ठरवण्याच्या दोन पद्धती सर्वाधिक चालतात. बंद हुकमात एक खेळाडू आपल्या हातातील एक पान पालथे ठेवतो आणि त्याचा रंग हुकूम होतो. रंग संपलेल्या खेळाडूने विचारल्यावर ते पान उघडले जाते. दुसऱ्या पद्धतीत सुरुवातीला हुकूमच नसतो. ज्या खेळाडूकडे उतारीचा रंग सर्वप्रथम संपतो, तो त्या वेळी जे पान टाकतो त्या पानाचा रंग उरलेल्या डावासाठी हुकूम होतो. नवशिक्यांनी या दुसऱ्या पद्धतीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण हातातील रंगांची लांबी-आखूड पाहण्याची सवय तिच्यामुळे पहिल्याच डावापासून लागते.

या पद्धतीत पाने हाती आल्यावर सर्वांत लांब रंग आणि सर्वांत आखूड रंग कोणता, हे आधी पाहावे. समजा, तुमच्याकडे इस्पिकची सहा पाने आणि चौकटची एकच सत्ती आहे. उतारी तुमची असेल तर ती सत्ती लगेच उतरावी. पुढे कोणीही चौकट उतरले की तुमच्याजवळ तो रंग नसेल आणि, तोपर्यंत कोणी हुकूम केलेला नसल्यास, तुम्ही इस्पिक हुकूम करू शकाल. त्या हातात तुम्ही शेवटचे खेळणारे असाल आणि तुमच्या सहा पानांत इस्पिकची दश्शी असेल तर हुकूम त्या दश्शीनेच करावा. तुमच्यानंतर कोणी खेळायचे नसल्यामुळे ती दश्शी तुमच्याच हातात पडते आणि एक मेंढी निर्धोक घरी येते.

दश्शीची खरी अडचण अशी की तिच्या रंगात तिच्याहून मोठी चार पाने आहेत, त्यामुळे ती स्वतःच्या बळावर क्वचितच हात करते. तिला घरी आणण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे भिडूचा पक्का हात. भिडूने बदामचा एक्का उतरला, तुमच्या आधीच्या खेळाडूने साधे पान दिले आणि तुमच्याकडे राणी, दश्शी व तिर्री आहे, अशा वेळी दश्शीच द्यावी. त्या रंगाची ती पहिलीच फेरी असेल तर शेवटच्या खेळाडूकडे बदाम नसण्याची शक्यता कमी असते. पुढच्या फेऱ्यांवर तसा भरवसा ठेवता येत नाही. एका रंगाची तेरा पाने चौघांत वाटली जातात, म्हणजे सरासरी तीन-साडेतीन पाने एकाच्या वाट्याला येतात. तिसऱ्या फेरीत कोणीतरी कापणार, म्हणजे रंग संपल्यामुळे हुकूम टाकणार, हे गृहीत धरूनच खेळावे. एक्का हातात असलेल्याने तो दडवून ठेवू नये, याचे कारणही हेच आहे. तो लवकर उतरला म्हणजे भिडूला दश्शी देण्याची संधी मिळते, आणि प्रतिपक्षाकडे एकटी दश्शी असेल तर ती पडते.

तिसऱ्या जागेवरून खेळताना होणाऱ्या चुकीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. भिडूने लहान पान उतरले, दुसऱ्याने पंजी दिली आणि तुम्ही नव्वी टाकली, तर शेवटचा खेळाडू दश्शीनेच हात उचलून मेंढी घेऊन जातो. म्हणून त्या रंगाची दश्शी तुमच्याकडे नसेल आणि अजून पडलेली नसेल, तर तिसऱ्या जागेवरून शक्य असल्यास किमान गुलाम टाकावा. याच न्यायाने, शेवटच्या जागेवर बसून हातात दश्शी असेल आणि समोर तिच्याहून मोठे पान किंवा हुकूम पडलेला नसेल, तर क्षणभरही विचार करू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागेवरून मात्र, त्या रंगाची मोठी पाने बाहेर असताना, दश्शी सहजासहजी सोडू नये.

हुकूम ठरल्यानंतर डावाचे रूप बदलते. आता रंग संपला म्हणून प्रत्येक वेळी कापण्याची गरज उरत नाही. हात भिडूचाच होणार अशी खात्री असेल तर हुकूम वाचवून त्यावर दुसऱ्या रंगाची दश्शी टाकावी; मेंढी घेण्याची ही युक्ती नवशिक्यांना उशिरा सुचते, परंतु तिच्यामुळे पुष्कळ डाव फिरतात. हुकमाची लांब रांग तुमच्याकडे असेल तर दोन-तीन वेळा हुकमाचीच उतारी करून प्रतिपक्षाचे हुकूम संपवावेत, म्हणजे भिडूचे एक्के-राजे कापले जाणार नाहीत. हुकमाची किती पाने पडली हे मनात मोजत राहणे येथे अनिवार्य आहे. इतर रंगांची सगळी पाने लक्षात ठेवणे सुरुवातीला जमणार नाही. फक्त चार एक्के आणि चार दश्श्या यांपैकी काय पडले एवढे ध्यानात ठेवले तरी खेळ स्पष्ट दिसू लागतो.

भिडूशी बोलणे किंवा खुणा करणे नियमाबाहेर आहे. जे सांगायचे ते पानांतून सांगावे. भिडूने एखाद्या रंगाचे एकच लहान पान उतरून पुढे दुसराच रंग धरला, तर पहिला रंग त्याच्याकडे आखूड असावा असे समजून, हात तुमच्याकडे आल्यावर तोच रंग परत उतरावा. कापायची संधी त्याला हवी असते.

दोन्हीकडे दोन-दोन मेंढ्या झाल्या की उरलेल्या प्रत्येक हाताची किंमत एकदम वाढते. अशा वेळी आपले हात किती झाले आणि सातला किती कमी आहेत हे मोजावे, आणि हातात राहिलेला शेवटचा हुकूम, ज्या हातामुळे सातवा पुरा होईल त्या हातासाठी राखून ठेवावा.