‘डे ऑफ द टेंटॅकल रीमास्टर्ड’ खेळताना या चुका टाळा

लुकासआर्ट्सचा १९९३ सालचा ‘डे ऑफ द टेंटॅकल’ हा संगणकावरचा, कोडी सोडवत पुढे जाण्याचा साहसी खेळ डबल फाइन या कंपनीने २०१६ मध्ये नव्याने रेखाटलेल्या चित्रांसह आणि सुधारलेल्या आवाजासह पुन्हा आणला. लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणून खेळणाऱ्या मुंबईकरांच्या पिढीने तो आता आपल्या मुलांसोबत जरूर खेळावा, इतका तो आजही ताजा आहे. मात्र काही चुकांमुळे त्यातली गंमत हकनाक वाया जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अडकल्यावर खेळ पहिल्यापासून सुरू करणे. त्या काळातल्या अनेक साहसी खेळांत एखादी वस्तू मागे राहिली की पुढचा रस्ता कायमचा बंद होत असे. इथे तसे होत नाही, पात्र मरतही नाही. त्यामुळे वाट सापडत नसेल, तर ती अजून दिसलेली नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

ती न दिसण्याचे कारण बहुधा एकच असते. बर्नार्ड वर्तमानात, होगी दोनशे वर्षे मागे आणि लव्हर्न दोनशे वर्षे पुढे, अशी तीन पात्रे एकाच वाड्यात असताना खेळणारा मात्र प्रत्येकाचे कोडे त्याच्याच काळात सोडवू पाहतो. एकच उदाहरण देतो, आणि त्यात एक उत्तर फुटते याबद्दल आधीच क्षमा मागतो: होगीला बॅटरीसाठी व्हिनेगर हवे असते, पण त्याच्या काळात मिळते ती वाइन. ती कालकुपीत (टाइम कॅप्सूलमध्ये) ठेवली की चारशे वर्षांनी लव्हर्नच्या हाती व्हिनेगर होऊन येते आणि तिथून होगीकडे परत पाठवता येते. वस्तूंची ही देवाणघेवाण क्रॉन-ओ-जॉन या शौचालयवजा कालयंत्रातून होते. सजीव प्राणी मात्र त्यातून पाठवता येत नाहीत, म्हणून तो प्रयत्न करत बसू नये.

आपल्याकडच्या खेळाडूंची आणखी एक अडचण खरी आहे. होगीची कोडी अमेरिकेच्या इतिहासावर आणि दंतकथांवर उभी आहेत. लहानग्या वॉशिंग्टनने वडिलांचे चेरीचे झाड तोडल्याची गोष्ट आणि फ्रँकलिनचा १७५२ मधला पतंगाचा प्रयोग, एवढे आधी वाचून घ्यावे. ती फसवणूक नव्हे. बोरिवली ते चर्चगेट प्रवासात फोनवर उत्तरांचे व्हिडिओ पाहून संध्याकाळी तेच गिरवणे मात्र टाळावे. वस्तू ठळक दाखवणारी नवी सोयही सतत वापरू नये, कारण खोली न्याहाळण्यातच अर्धा आनंद आहे.

चित्रे, आवाज आणि आदेशांची मांडणी यांचे जुने-नवे रूप सेटिंगमध्ये वेगवेगळे निवडता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या मांडणीतली ‘उचल’, ‘उघड’ अशी आदेशांची क्रियापदे पडद्याची जागा अडवत असतील, तर चित्रे जुनी ठेवून केवळ मांडणी नवी घ्यावी. मूळ चित्र ३२० × २०० बिंदूंचे आणि ४:३ आकाराच्या पडद्यासाठी केलेले आहे; लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमधून ते रुंद पडद्यावर ताणले, तर चेहरे फुगीर दिसतात.

स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ उघडताच बंद पडत असेल, तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा, मग स्टीममध्ये खेळाच्या गुणधर्मांत (प्रॉपर्टीजमध्ये) जाऊन फाइलींची तपासणी करावी. खेळ काढून पुन्हा डाउनलोड करण्याची घाई करू नये.

निर्मात्यांचे भाष्य पहिल्या खेपेस बंदच ठेवावे. ते ऐकण्याजोगे आहे, पण ती मंडळी कोड्यांविषयी मोकळेपणाने बोलतात.